लाखात एक आत्या

कबूल करून टाकते. २०२५च्या जूनअखेरीस मी वारीला गेले, ती काही पांडुरंगाच्या ओढीने वगैरे नाही. मी गेले आतेभावाच्या बीई प्रोजेक्टसाठी!

झालं असं, की हा आमचा आतेभाऊ इंदापूर तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेला. प्रोजेक्टचा विषय ठरलेला : कॅमेऱ्यातून येणाऱ्या चालू व्हिडिओत माणसं ओळखायची आणि मोजायची. रेकॉर्डिंग करून निवांत नंतर नाही, तिथल्या तिथे. एका संध्याकाळी त्याचा फोन. ‘ताई, तुकोबांची पालखी आमच्या दारावरून जाते. एवढा फुकटचा डेटा दुसरीकडं कुठं मिळणार?’

डेटा! देहूपासून चालत आलेल्या, पायांना फोड आलेल्या वारकऱ्यांना हा मुलगा डेटा म्हणत होता. मी त्याला झापणार होते, पण आमच्या धंद्यात त्यांनाच ‘स्टोरी’ म्हणतात हे वेळीच आठवलं. शिवाय त्या डेटात त्याची सख्खी आईही होती. माझी आत्या दरवर्षी बारामतीत दिंडीला गाठते आणि पंढरपूरपर्यंत चालते. वय ६४, शुगर, गुडघ्याला पट्टा. डॉक्टर दरवर्षी नको म्हणतात, ती दरवर्षी हो म्हणते आणि निघते.

तर पोरगा मोजणार, आई मोजली जाणार आणि मी त्यावर लिहिणार. फॅमिली प्रोजेक्टच म्हणा ना.

फ्लेक्सवरचे अकरा

बारामतीत पालखीचा मुक्काम शारदा प्रांगणात असतो. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामांच्या एका मित्राचं मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत आमचा संसार मांडला. चोरी होऊ नये म्हणून दुकानात लावतात तसला साधा कॅमेरा, तिथून एक वायर लॅपटॉपला, आणि लॅपटॉपवर छत्री. पाऊस भुरभुरत होता.

पालखी यायला अवकाश होता. पोलिसांनी गाड्या बंद केल्या होत्या, रस्ता झाडून-धुऊन रिकामा, रांगोळ्या काढलेल्या. आणि स्क्रीनवर आकडा : ११.

‘अरे, रस्त्यावर तर कुणीच नाहीये!’

आतेभावाने समोर बोट दाखवलं. पलीकडे वारकऱ्यांचं स्वागत करणारा भलामोठा फ्लेक्स. त्यावर हात जोडलेले, गॉगल घातलेले, मोबाइल कानाला लावलेले अकरा शुभेच्छुक, आणि प्रत्येकाभोवती कॉम्प्युटरने काढलेली हिरवी चौकट. चौकटीवर लिहिलेलं ‘पर्सन’ आणि पुढे खात्रीची टक्केवारी. एका गॉगलवाल्याबद्दल त्याला ९१ टक्के खात्री होती!

मग त्याने स्क्रीनवरच्या तेवढ्या भागावर माउसने पट्टी ओढली. म्हणजे इथलं मोजायचं नाही. आकडा शून्यावर आला. राज्यात आजवर झालेली ही बहुधा एकमेव फ्लेक्सबंदी, जी एका मिनिटात अमलात आली.

पुढे दिंड्या यायला लागल्या. पताका, टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. आकडा पळायला लागला. ३५, ५२, ७८. आम्ही दोघंही खूश. मग रस्ता गच्च भरला, गॅलरीतून खालचा डांबर दिसेना, टाळांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आणि आकडा चक्क उतरायला लागला. ७१. ६४. ५८.

गर्दी वाढतेय आणि मशिन म्हणतंय माणसं कमी झाली! मला वाटलं बिघडलं. तर नाही. या विषयातली खरी गंमत, आणि खरी गोचीही, हीच आहे म्हणे.

माणूस म्हणजे काय रे भाऊ?

आपल्याला माणूस ओळखायला शिकवावं लागत नाही. कॅमेऱ्याला मात्र दिसतात ते फक्त ठिपके. एका सेकंदाला पंचवीस फोटो, प्रत्येक फोटोत लाखो ठिपके. ‘रिअल टाइम’ म्हणजे एका फोटोचा निकाल लावायला हातात चाळीस मिलिसेकंद. एवढ्यात नाही जमलं तर काम साचत जातं, आपल्या इनबॉक्ससारखं. (गरिबाघरचे लॅपटॉप यावर साधी युक्ती करतात. दर पाचवा फोटोच बघतात.)

सगळ्यात जुनी पद्धत वजाबाकीची. रिकाम्या रस्त्याचा फोटो लक्षात ठेवायचा आणि आत्ताच्या फोटोतून तो वजा करायचा. उरेल ते माणूस. बँकेच्या एटीएमवर ठीक आहे. पण सावली पडली की तीही माणूस, झाडाची फांदी हलली की तीही माणूस, आणि दोघं खांद्याला खांदा लावून चालले की दोघं मिळून एकच जाडा माणूस.

मग बाह्यरेषा बघायची कल्पना आली. २००५मध्ये फ्रान्समध्ये काम करणाऱ्या नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज या दोघांनी मांडलेली पद्धत बरीच वर्षं चालली. फोटोतल्या कडा कुठल्या दिशेला झुकतात ते मोजायचं. डोकं, खांदे, पाय यांचा एक साचा तयार होतो. तो साचा फोटोभर फिरवायचा आणि जुळतोय का ते बघायचं. रस्त्यावरून ताठ चालणाऱ्या युरोपियन माणसाला तो बरोबर बसतो. डोक्यावर गाठोडं, अंगावर प्लॅस्टिकचं इरलं आणि कडेला नातवंड असलेल्या आजीला कसा बसणार?

आतेभाऊ वापरत होता ती पद्धत त्याच्या पुढची. नाव मोठं झकास : योलो! तुम्ही-आम्ही गोव्याच्या फोटोंखाली लिहितो ते ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’ नव्हे, तर ‘यू ओन्ली लुक वन्स’. २०१५मध्ये जोसेफ रेडमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही आणली. साचा फिरवत बसायचं नाही. अख्खा फोटो एकदाच बघायचा आणि एका दमात सांगायचं, की इथे माणूस, इथे सायकल, इथे कुत्रा. म्हणूनच ती वेगवान. सहसा ती ज्या फोटोंवर शिकवून तयार मिळते, त्यांत एकूण ८० प्रकारच्या वस्तू आणि प्राणी आहेत. माणूस त्या ८०पैकी फक्त एक. झेब्रा आणि जिराफही आहेत. पखवाज नाही, वीणा नाही, तुळशीवृंदावन तर नाहीच.

पण एक गोष्ट आहे, मेंढी! आणि याचा फायदा दुसऱ्याच दिवशी झाला. बारामतीहून सणसरकडे जाताना काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून पालखी येते आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या रथाभोवती पळवतात. आतेभावाने मोबाइलवर शूट केलं आणि प्रोग्राम चालवला. मेंढ्या मेंढ्या म्हणून ओळखल्या गेल्या, रथाचे बैल ‘काऊ’ झाले, घोंगडी पांघरून वाकलेले एक मेंढपाळ बाबाही मेंढीत गेले. ते आम्ही त्यांना दाखवलं नाही.

तर मुद्दा होता उतरणाऱ्या आकड्याचा. ही सगळी मंडळी पूर्ण माणूस शोधतात. गच्च गर्दीत पूर्ण माणूस दिसतच नाही. पुढच्याने मागच्याला झाकलेलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. चौकटी एकमेकींवर चढतात आणि प्रोग्रामला वाटतं, एकाच माणसावर चुकून दोन चौकटी पडल्या. मग तो एक पुसून टाकतो. नेमकी मोजायची गरज असते तेव्हाच मोजणी कोलमडते!

भिगवणचे फ्लेमिंगो आणि बर्कलेचा मास्तर

यावर उपाय काय, तर माणूस शोधायचा नादच सोडायचा.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण इंदापूर तालुक्यातल्या लोकांना वाटू नये. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला तुमच्यापैकी अर्धे जण जाऊन आले असतील. (उरलेले अर्धे भिगवणची मच्छी खायला.) तिथे पक्षी मोजणारे एकेक पक्षी मोजत बसत नाहीत. थव्यातल्या एका तुकड्यातले शंभर मोजतात, तेवढा तुकडा डोळ्यांत पक्का करतात आणि तसे किती तुकडे बसतील ते बघतात.

१९६०च्या दशकात अमेरिकेत बर्कले विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्ज नावाच्या प्राध्यापकांनी हेच केलं. त्यांच्या ऑफिसच्या खिडकीखालच्या चौकात मुलांची आंदोलनं चालायची आणि दर वेळी पोलिसांचा आकडा वेगळा, आयोजकांचा वेगळा. चौकातल्या फरशीला चौकोनी रेघा होत्या. त्यांनी एका चौकोनात किती जण मावतात ते मोजलं आणि हिशेब बांधला. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी खेचाखेच असेल तर अडीच. जगभरातले रिपोर्टर आजही हेच वापरतात. निदान वापरायला हवं! आमच्याकडे ‘लाखोंचा जनसागर’ लिहून मोकळं होतात. मीही लिहिलंय.

कॉम्प्युटरला हीच अक्कल २०१०मध्ये लेम्पिट्स्की आणि झिसरमन या दोघांनी शिकवली. प्रत्येक डोक्यावर एकेक ठिपका ठेवलेले फोटो दाखवायचे आणि म्हणायचं, माणूस शोधू नकोस, कुठे किती दाटी आहे तेवढं सांग. फोटोचा नकाशा होतो. दाट तिथे लाल, विरळ तिथे निळा. सगळ्या रंगांची बेरीज म्हणजे माणसं. २०१६मध्ये शांघायच्या संशोधकांनी यासाठी ११९८ फोटोंतल्या ३ लाख ३० हजारांवर डोक्यांवर ठिपके ठेवून घेतले. हाताने! ते कुणी केलं असेल, किती दिवस केलं असेल, हा विचार मला अजून अधूनमधून छळतो.

कारण थोडंसं मीही करून बघितलं. आतेभावाला खात्री करून घ्यायची होती, म्हणून त्याने बारामतीच्या रेकॉर्डिंगमधली पाच मिनिटं मला दिली. रस्त्यावर मनातल्या मनात एक रेघ मार आणि ती ओलांडणारे मोज, म्हणाला. पहिल्यांदा माझे झाले ४१२. खात्रीसाठी पुन्हा मोजले तर ३९७. मशिनचे ३५६. मशिनला नावं ठेवायला गेले आणि माझीच दोन उत्तरं आपसांत जुळेनात!

आणि ही रेघसुद्धा वाटते तेवढी साधी नाही. रेघेवर मोजायचं तर आधीच्या फोटोतला माणूस आणि पुढच्या फोटोतला माणूस एकच, हे प्रोग्रामला कळावं लागतं. म्हणून तो प्रत्येकाला एक नंबर चिकटवतो. माणूस पताकेमागे गेला की नंबर गळतो, पलीकडे निघाला की नवा मिळतो. म्हणजे एकाचे दोन. त्यात वारकरी काही मेट्रोच्या गेटमधून गेल्यासारखे एकदाच जात नाहीत. एक काका चहाला मागे आले, चपलेसाठी पुन्हा मागे आले. रेघेवर तीन काका.

म्हणून ‘वारीत किती माणसं?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. आत्ता या क्षणी किती, की दिवसभरात मिळून किती? दहा मीटर रुंदीचा रस्ता पाच किलोमीटर भरलाय आणि चौरस मीटरला दोन माणसं आहेत असं धरलं, तर हिशेब एक लाखाचा होतो. दाटी दोनऐवजी तीन धरलीत की दीड लाख. बसल्या जागी पन्नास हजार वारकरी वाढले!

आकडा कशाला हवाय?

इथपर्यंत मला हे सगळं खेळासारखं वाटत होतं. प्रोजेक्ट आहे, व्हायव्हा आहे, मार्क आहेत. बेलवाडीच्या गोल रिंगणात ते बदललं. अश्व सुटायच्या आधी मागून एक रेटा आला आणि क्षणभर माझे पाय माझे राहिले नाहीत. मी चालत नव्हते, नेली जात होते. दोन-चार सेकंदच. पण छातीत धस्स झालं.

चेंगराचेंगरीत लोक तुडवले जाऊन मरतात अशी आपली समजूत असते. बरेचदा ते उभ्याउभ्याच गुदमरतात. छाती फुगायला जागाच उरत नाही. चौरस मीटरला चार-पाच माणसं झाली की धोक्याची घंटा, आणि सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वागते, लाटा उठतात, असं गर्दीच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. म्हणजे महत्त्वाचा आकडा एकूण किती हा नाहीच. कुठल्या कोपऱ्यात किती दाटी, हा आहे.

आपल्या राज्याने यासाठी फार मोठी किंमत मोजलीय. २००३च्या नाशिक कुंभमेळ्यात ३९ जण गेले. २५ जानेवारी २००५ला वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास. आणि २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा रेल्वे पूल, २३ जण. ते तर यात्रेला नाही, सकाळी ऑफिसला निघालेले. तुमच्या-माझ्यासारखे.

नाशिकच्या त्या दुर्घटनेतूनच एक सुंदर गोष्ट निघाली. नीलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी ‘आशिओटो’ नावाची चटई बनवली. जपानीत आशिओटो म्हणजे पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की मोजला जातो आणि आकडा तिथल्या तिथे मोबाइलवर. २०१५च्या कुंभात तिने १८ तासांत पाच लाख लोक मोजले, असं त्याने आपल्या भाषणात सांगितलंय. मला ती जाम आवडली. चटईला चेहरा दिसत नाही ना! फ्लेक्सही दिसत नाहीत.

पण मोजलं म्हणजे वाचवलं असंही नाही. प्रयागराजला २०२५च्या महाकुंभात माणसं मोजणारे कॅमेरे होते, कंट्रोल रूम होती, सगळं होतं. तरी २९ जानेवारीच्या पहाटे मौनी अमावास्येला किमान तीस जण चेंगरून गेले. स्क्रीनवर लाल रंग दिसल्यापासून तिथल्या शिपायाने दोर ओढेपर्यंत मध्ये माणसांचीच साखळी असते. तिला चाळीस मिलिसेकंदात काम करायची सवय नसते.

‘त्यात तुझी आई आहे का?’

आता आत्याचं सांगते.

इंदापूरला रिंगण झालं आणि आत्या हरवली. म्हणजे बेलवाडीला तिने ओझं कमी करायला तिची पिशवी माझ्याकडे दिली होती. शुगरच्या गोळ्या त्या पिशवीत. फोनची बॅटरी संपलेली. रिंगण झालं की मैदानाबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानापाशी भेटायचं ठरलेलं. चारला भेटायचं होतं. पाच झाले, साडेपाच झाले. पाऊस वाढला.

आतेभावाने त्या दिवशी दुकानाच्या वरच कॅमेरा लावला होता. मी धावत वर गेले. स्क्रीनवर तोच शहाणा हिरवा आकडा : २१२.

‘त्या २१२ मध्ये तुझी आई आहे का?’

‘तसं नाही गं सांगता येत, ताई.’

नाहीच येत. मला कालच त्याने समजावलं होतं, अभिमानाने समजावलं होतं, की आपला प्रोग्राम फक्त ‘हा माणूस आहे का’ एवढंच विचारतो. ‘हा कोण’ हे विचारत नाही. व्हिडिओ साठवतही नाही. फक्त वेळ आणि आकडा फाइलमध्ये जातो, चित्र तिथल्या तिथे पुसलं जातं. माझ्या नोंदवहीत मी त्याखाली दोन रेघा मारून ‘प्रायव्हसीसाठी बेस्ट!’ असं लिहिलं होतं. बारामतीचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग तेवढं खास परवानगीने ठेवलेलं, तेही मोजून झाल्यावर उडवलेलं.

तो म्हणाला, ‘चेहरे ओळखायचं मॉडेल उतरवायला दहा मिनिटं लागतील. आईचा फोटो आहे मोबाइलमध्ये. टाकू?’

मी म्हणाले, ‘टाक.’

एका क्षणाचाही विचार केला नाही. मी! पाळत, प्रायव्हसी, लोकांची परवानगी यावर दोन लेख लिहिलेत मी. २०२३चा डेटा संरक्षण कायदा वाचलाय. त्या वेळी कुणी म्हटलं असतं, की इंदापुरातल्या प्रत्येक बाईचा चेहरा साठवू, तुझी आत्या सापडेल, तर मी म्हटलं असतं साठवा.

चाललं नाही ते. वरून काढलेल्या चित्रात चेहरा एवढा-एवढासा, पंधरा-वीस ठिपक्यांचा. पाऊस. सगळ्याच बायकांच्या डोक्यावर पदर, त्यावर प्लॅस्टिक. मॉडेलने वीस मिनिटांत सात वेळा ‘सापडली’ म्हणून सांगितलं. सातही वेळा दुसऱ्याच कुणाची तरी आई होती. दोघींमागे तर मी पळत गेले.

शेवटी खालच्या चहावाल्याने, आमची धावपळ बघून, किटली खाली न ठेवता विचारलं, ‘दिंडी कितवी?’

दिंडी कितवी! वारीला स्वतःचं मोजमाप आहे हे आम्ही दोघं शिकलेसवरले विसरूनच गेलो होतो. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला नंबर, चालायचा क्रम ठरलेला. सामानाच्या ट्रकवर तोच नंबर रंगवलेला. कुठली दिंडी कुठल्या शेतात उतरते तेही वर्षानुवर्षं ठरलेलं. आम्ही नंबर सांगितला. ‘मग ते बायपासच्या अलीकडं, डाळिंबाच्या बागेशेजारी,’ चहावाला म्हणाला.

सात वाजता राहुटीत आत्या सापडली. मेथी निवडत बसली होती. ‘अगं, कुठं होतीस?’ मी जवळजवळ ओरडलेच. ती म्हणाली, ‘मी हितंच हाय की. हरवला तुमी दोघं.’

रेडमनने काय केलं

पुण्याला परतल्यावर मी योलोवाल्या त्या जोसेफ रेडमनबद्दल जरा जास्त वाचलं. २०२०च्या सुरुवातीला त्याने जाहीर करून टाकलं, की आपण कॉम्प्युटर व्हिजनचं संशोधन थांबवतोय. आपल्या कामाचा लष्करी वापर आणि लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न आता नजरेआड करता येत नाही, असं त्याचं म्हणणं. जगभर वापरलं जाणारं डोकी मोजायचं यंत्र बनवलं आणि मग त्यातून उठून गेला. मला हे जरा सोयीचं वाटलं, खरं सांगायचं तर. तो उठला, पण योलोच्या पुढच्या आवृत्त्या दुसऱ्यांनी काढल्याच. आमच्या गॅलरीत होती तीही नंतरच्यांपैकीच. पण मैदानाबाहेर मी ज्या चपळाईने ‘टाक’ म्हटलं ते आठवलं की त्याला नावं ठेवायचा हक्क मला कितपत आहे, कोण जाणे.

तुम्ही शनिवारी मॉलमध्ये शिरता तेव्हा दारावरचा कॅमेरा तुम्हाला मोजत असू शकतो. आकडा मोजतोय की तुम्हाला ओळखतोय, हे खालून बघून सांगता येत नाही. कॅमेरा तोच, वायर तीच. मधला फरक फक्त दहा मिनिटांच्या डाऊनलोडचा. हे मी एका गॅलरीत उभी राहून बघितलंय. म्हणून आता ऑफिसच्या लिफ्टबाहेर नवा कॅमेरा लागला तेव्हा मी अॅडमिनला मेल टाकून विचारलं, की हा काय-काय साठवतो आणि किती दिवस. उत्तर अजून यायचंय. तुम्हीही विचारून बघा, उत्तर आलं तर मलाही कळवा.

आठवड्याने मी आतेभावाला फोन केला. वारी पंढरपूरला पोहोचली होती, आत्याचे गुडघे सुजले होते, बाकी सगळं ठीक. प्रोजेक्टमध्ये त्याने चौकटी सोडून दाटीचा नकाशा घ्यायचं ठरवलं होतं. गाइड सर खूश होते. मी विचारलं, ‘ते चेहऱ्याचं मॉडेल काढून टाकलंस ना?’

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘राहू दे ना, ताई. लागेल कधी तरी.’

आणि हो, त्या रात्रीची मोजणी सांगायचीच राहिली. राहुटीबाहेर पंगत बसायची वेळ झाली. पाऊस थांबला होता, चुलीवर आमटी उकळत होती. वाढपी काका पत्रावळींचा गठ्ठा काखेत घेऊन एकेका राहुटीपाशी थांबत होते, कागद नाही, पेन नाही. आमच्यापाशी आले आणि आत्याला विचारलं, ‘किती?’

आत्याने मागे वळूनही बघितलं नाही. ‘रोजचे अकरा,’ ती म्हणाली, ‘आन् ही दोन पोरं.’

काकांनी तेरा पत्रावळी काढून दिल्या आणि पुढच्या राहुटीकडे गेले.